एकदाच आलेली माणसं

हुलसूरच्या बसस्टँडच्या मागच्या अंगाला पत्र्याच्या छपराचं एक चर्च आहे. ऐतवारी पन्नास-साठ माणूस, नाताळला शंभर-सव्वाशे. उपासना अर्धी मराठीत, अर्धी कन्नडात, आणि पत्र्यावर पाऊस कोसळायला लागला की कुठल्याच भाषेत ऐकू येत नाही. दाराशेजारच्या भिंतीवर दोन्ही भाषांत हातभर उंचीच्या निळ्या अक्षरांत लिहिलंय, सर्वांचे स्वागत आहे. रस्त्याच्या पलीकडं एक कडुलिंब आहे. त्या लिंबाखाली दर ऐतवारी दहा ते साडेबारा एक माणूस आपली एक्सेल मोपेड लावून बसलेला असायचा. डोक्याला लाल पटका, खांद्यावर टॉवेल, वय साठीच्या पुढं. अकरा वर्षं तो तिथं बसला. हा पिराप्पा, रेणुकाबाईचा मालक.

गोष्ट खरं तर रेणुकाबाईची. पण तिला विचाराल तर ती सुरुवात ह्याच्यापासूनच करेल, कारण तिच्या जिवाला घोर एकच होता. ह्या माणसानं मरायच्या आधी एकदा, एकदाच, तो रस्ता ओलांडून आत येऊन बसावं. बाकी तिनं देवाकडं काही मागितलं नाही असं नाही. मागण्यात बाई कधी कमी पडली नाही. गुडघ्यासाठी मागितलं, पोरींच्या बाळंतपणासाठी मागितलं, तुरीला भाव मागितला. पण पहिली मागणी ही.

रेणुकाबाई अठ्ठावन्नची. हुलसूरपासून पाच किलोमीटरवरच्या वाडीत घर. घराणं धनगराचं, पण मेंढरं सासऱ्याच्या काळातच संपली. आता तीन एकरात तूर आणि सोयाबीन, आणि उरलेल्या दिवसांत दुसऱ्याच्या रानात रोजगार. दोन पोरी, दोघी उदगीरकडं दिलेल्या. बाईचा आवाज असा की रानात नवऱ्याला हाक मारली की शेजारच्या दोन रानांतले गडी 'ओ' द्यायचे. जीभ तिखट, मन भाबडं, आणि आपल्या स्वभावाबद्दल स्वतःचं मत फार चांगलं.

बारा वर्षांमागं बिदरच्या दवाखान्यात तिचं पिशवीचं ऑपरेशन झालं. शेजारच्या खाटेवर हुलसूरचीच शकुबाई होती. शकुबाई अंगणवाडीत मदतनीस, चर्चची जुनी माणूस. नऊ दिवस दोघी एका डब्यातलं जेवल्या. शकुबाई रोज रात्री डोळे मिटून प्रार्थना करायची आणि त्यात स्वतःच्या आधी रेणुकाबाईचं नाव घ्यायची. घरच्या देवासमोरही आपलं नाव कुणी असं घेतलेलं रेणुकाबाईला आठवेना. घरी आल्यावर पहिल्या ऐतवारी शकुबाईनं तिचा हात धरला, दारातून आत नेलं, आपल्या शेजारी बसवलं, आणि कुणी काही विचारायच्या आत सांगून टाकलं, "ही माझी भैन हाय." झालं. त्या दिवसापासून रेणुकाबाई चर्चची. दाराशी आपल्याला कुणी अडवलं का, कुणी न्याहाळलं का, हे तिला कळलंच नाही, कारण ती दुसरीचा हात धरून आली होती.

पिराप्पानं नको म्हटलं नाही. तो बिरोबाच्या जत्रेला जायचा, ही ऐतवारी चर्चला. "तुझं तू बघ, माझं मी बघतो," एवढं त्याचं म्हणणं. वर गुडघा दुखतो म्हणून गाडीवर घालून आणायचा, आणि पेट्रोल कामून जाळायचं म्हणून तिथंच थांबायचा. लिंबाखाली बसून टपरीवरचा एक चहा घ्यायचा, बिडी ओढायचा, येणाऱ्याजाणाऱ्याला रामराम करायचा. चर्चची माणसं जाता-येता त्याला हात करायची. नाताळला कागदी बशीत केकचा तुकडा पोरांच्या हाती रस्त्यापलीकडं जायचा. आत चला, असं मात्र कुणी म्हटलं नाही. त्याला यायचं नाही, हे सगळ्यांना ठाऊकच होतं ना!

ठाऊक कशावरून? तर पहिल्याच वर्षी तो एकदा दारापर्यंत आला होता. त्या दिवशी रेणुकाबाई पहिल्यांदाच सगळ्यांसमोर उभी राहून आजारातून कशी उठली ते सांगणार होती. ती पुढं बायकांत बसलेली. मागं वळून पाहिलं तर पिराप्पा उंबऱ्यात उभा. परत पाहिलं तर नाही. तो आपला लिंबाखाली. तिनं मनाशी गाठ बांधली, आला, बघितला, पटलं नाही, गेला. कठीण काळजाचा माणूस. तेव्हापासून प्रार्थनेच्या विनंत्यांची वेळ आली की रेणुकाबाई उठून उभी राहायची आणि खणखणीत आवाजात सांगायची, "माझ्या मालकाच्या काळजासाठी प्रार्थना करा, लई कठीण हाय." सगळी मंडळी डोळे मिटून पिराप्पाच्या काळजासाठी प्रार्थना करायची, आणि पिराप्पा बाहेर बिडी विझवायचा.

दोन वर्षांमागं नवे पास्टर आले, अनिलकुमार. पस्तिशीतले, बोलायला हळू. ते आले तेव्हा रेणुकाबाईकडं दाराचं काम होतं. सकाळी झाडून काढायचं, पुढं सतरंज्या अंथरायच्या, मागचे बाक पुसायचे, आणि दारात उभं राहून येणाऱ्याला "या, या" करायचं. ह्या कामाचा तिला भारी अभिमान. नवा माणूस आला की तिचे डोळे चमकायचे. कारण नव्या माणसाच्या स्वागताची तिथं एक रीतच होती. गीत संपलं की चर्चचे पंच काशप्पा नव्या माणसाला पुढं बोलवायचे, शेवंतीचा हार घालायचे आणि सगळ्यांसमोर विचारायचे, नाव काय, गाव कोणतं, कुणापैकी, कशासाठी आलात. मग टाळ्या. मधे कुठंकुठं चर्चवर धर्मांतराच्या तक्रारी झाल्या, बाचाबाची झाली, तेव्हापासून त्यात आणखी एकाची भर पडली, कुणी पाठवलं? तरी टाळ्या होत्याच. एवढं मोठं स्वागत भालकीच्या चर्चमध्येही होत नाही, असं काशप्पा सांगायचे.

एका बैठकीत पास्टर म्हणाले, "मी आल्यापासून चौदा माणसं नवीन आली. दोन परत आली. बाकीची बारा कुठं गेली?"

काशप्पांनी मिशीवरून हात फिरवला. "त्यांचं बोलावणं नसंल वरून."

"वरून होतं म्हणूनच ती दारापर्यंत आली," पास्टर म्हणाले. "दारापासून पुढचं काम आपलं." मग रेणुकाबाईकडं वळले. "बाई, दारात तुम्ही असता. तुम्हाला त्यांची घरं ठाऊक आहेत. जाऊन विचारून या. बोलवू नका, समजावू नका, वाद तर अजिबात नको. फक्त ऐकून या."

आता ह्या बाईला गप्प बसून ऐकायला सांगणं म्हणजे बघा! पण तिनं मान डोलावली. घरी येऊन नवऱ्याला म्हणाली, "आठवडाभर गाडी काढावी लागंल. चर्चचं काम हाय."

"पेट्रोल?"

"पास्टर देणार हाईत."

"मग चल," पिराप्पा म्हणाला.

बारांपैकी सात जणच सापडले. पहिला मृत्युंजय, गावातल्या एका शाळेतला तरुण मास्तर, कडगंचीच्या विद्यापीठात शिकून आलेला. त्यानं दोघांनाही घरात घेतलं, खुर्च्या दिल्या, पाणी दिलं, चहा ठेवला. रेणुकाबाईनं विचारलं, "मास्तर, एकदा आल्ता आन् परत कामून न्हाई आलात?"

मास्तर हसला. "अक्का, मला वाचनाची आवड. म्हटलं एकदा बसून ऐकू. दारात एकानं विचारलं कुणी पाठवलं. आत दुसऱ्यानं विचारलं कुणी पाठवलं. मग सगळ्यांसमोर उभं करून तिसऱ्यानं. फोन काढून वेळ बघितली तर शेजारचा म्हणाला, शूटिंग करायलास का? दीड तासात मला पाणी हवंय का, हे कुणी विचारलं नाही."

रेणुकाबाईच्या तोंडावर आलं होतं की दिवस तसले हाईत, आमी काय करावं. ओठ घट्ट मिटून तिनं ते गिळलं. हातात त्या पोरानं दिलेला पाण्याचा तांब्या होता, आणि तो तिला जड व्हायला लागला.

दुसरी मंगल, बसस्टँडजवळ शिलाई मशीन चालवणारी. माहेर उदगीरकडचं, सासरी करमेना म्हणून एकदा चर्चला आलेली. ती तर भडभडा बोलली. "मावशी, मी खिडकीपाशी बसले तर म्हणल्या ही जागा शकुबाईची. सरकले तर म्हणल्या हितं गाणारणी बसतात. मागं गेले तर म्हणल्या हितं लेकरंवाल्या. तीनदा उठवलं हो! सासरी पण हेच चालतंय, हितं बसू नको, तितं बसू नको. मग त्यासाठी ऐतवारी इस्त्रीची साडी नेसून कामून यायचं?" तीनदा उठवणाऱ्यांत एकदा आपणच होतो, हे रेणुकाबाईला आठवलं. शकुबाईची जागा तिनंच राखली होती, मोठ्या प्रेमानं राखली होती. पिराप्पा उंबऱ्याशी बसून हे सगळं ऐकत होता.

शेवटची चन्नम्मा. बाजारात तिच्या घरच्यांची पिठाची गिरणी, लिंगायत घराणं, माणसं मोठी. रेणुकाबाईला बघताच ती गिरणीतून उठून मागल्या खोलीत गेली आणि हिला आत ओढून घेतलं. "अक्का, पुन्हा दुकानात येऊ नको. तुमचा तो हार मला महागात पडला." तिचा भाऊ त्या महिन्यात गेला होता. घरात पाहुणे, गिरणीत गिऱ्हाईक, रडायला जागा नव्हती. चर्चमध्ये माणसं डोळे मिटून बसतात, तिथं रडलं तर कुणी बघत नाही, असं तिला वाटलं. म्हणून ती पदर ओढून मागल्या बाकावर बसली होती. "आणि तुम्ही मला पुढं बोलावून नाव पुकारलं. संध्याकाळपर्यंत आख्ख्या बाजारात झालं, चन्नम्मा चर्चला जायलीय. दीर तीन दिवस बोलला न्हाई माझ्याशी. मी रडायला आल्ते अक्का, सत्कार करून घ्यायला न्हाई."

त्या हाराची फुलं रेणुकाबाईनंच ओवली होती. आदल्या रात्री बसून, गाणं म्हणत म्हणत. "चुकलं गं माय," एवढंच म्हणाली आणि बाहेर आली.

वाडीच्या रस्त्याला लागले तेव्हा ऊन उतरत होतं. नेहमी मागं बसून तिची बडबड चालायची आणि पिराप्पा 'हां, हां' करायचा. आज ती गप्प. पुलाच्या अलीकडं पिराप्पानं गाडी उभी केली. तिला वाटलं बिडी ओढायची असेल. तो कठड्यावर बसला आणि म्हणाला, "सगळ्यांला इचारलीस. मला न्हाई इचारलीस."

"तुमाला काय इचारायचं?"

"मीबी एकदाच आल्तो की."

रेणुकाबाई फणकारली. "तुमचं काय, तुमाला पटलं न्हाई. उंबऱ्यातनंच फिरलात."

"मला पटायला मी आत कुठं आल्तो?" पिराप्पा म्हणाला. आवाजात राग नव्हता, म्हणून तर ती जास्त घाबरली. "तू बोलणार हुतीस त्या दिवशी. म्हणलं ऐकावं. बायको उभी राहून चार माणसांत बोलणार, कुणाला ऐकू वाटणार न्हाई? दारात आलो. तू पुढं हुतीस. मागं वळून बघितलीस. मला बघून खूश झालीस, ते मी बघितलो. मग हिकडं तिकडं बघितलीस. समदे गडी बोडक्यानं बसलेले. आन् मग मला असं केलीस." त्यानं हात उचलून डोक्याला लावला आणि दोन बोटांनी पटका काढायची खूण केली.

"मी?"

"तूच."

"मी न्हाई केले असलं काय!" ती ओरडली. बाजूच्या रानातलं एक पोरगं बघायला लागलं. पण ओरडता ओरडताच तिला ते दिसलं. पुढच्या रांगेतली आपण, नवी हिरवी साडी, सगळ्यांचे डोळे दाराकडं, कुणीतरी हसल्यासारखं झालेलं, आणि आपला हात आपोआप वर गेलेला. अकरा वर्षांत तिला ते एकदाही आठवलं नव्हतं. आठवायचं कशाला? तिच्या मनानं दोष लगेच दुसऱ्याच्या पदरात बांधून टाकला होता.

"मग काढायचा हुता की," ती म्हणाली, पण आवाज खाली आला होता. "तितली रीतच हाय. दोन घटकेचं काम."

"आमच्यात डोकं कवा उघडं करत्यात?"

तिला ठाऊक होतं. ती काय परक्या घरातून आली होती? घरचं माणूस गेलं तरच गडी पटका उतरवतो. सासरा गेला तेव्हा पिराप्पा बारा दिवस बोडक्यानं होता आणि तेराव्या दिवशी मामानं त्याला नवा पटका बांधला. हिच्या डोळ्यांदेखत. माहीत असून तिनं खूण केली होती.

"मग सांगायचं न्हाई? अकरा वर्षं? तोंड शिवलं हुतं का? मी आख्ख्या चर्चला घेऊन तुमच्या काळजासाठी प्रार्थना करायले, आन् तुमी लिंबाखाली बसून चहा पिताव!"

"केक घेऊन येणारी पोरं सांगायची," पिराप्पा म्हणाला आणि जरा हसला. "म्हणलं करू दे. चांगलंच मागायलीय." मग हसू गेलं. "काय सांगायचं, रेणुका? काशप्पानं म्हणलं असतं तर काशप्पाला उत्तर दिलो असतो. तू केलीस. तुला माझी लाज वाटली. लाज वाटली म्हणून बायकोशी काय भांडायचं?"

"आन् तरी दर ऐतवारी आणून सोडलाव."

"तुला जायचं असतंय की. आन् गुडघा दुखतंय तुझा."

तिथं पुलावर रेणुकाबाई रडली. लाजेनं रडली, रागानं रडली, आणि ह्या बाप्याच्या असल्या चांगुलपणाचा तिला संतापही आला. दोन शिव्या तरी द्यायच्या होत्या मेल्यानं! पिराप्पानं बिडी पेटवली, अर्धी ओढली, मग गाडी चालू केली. चार दिवस घरात कामापुरतंच बोलणं झालं. तो रुसला नव्हता. हिलाच त्याच्याकडं बघवत नव्हतं.

ऐतवारी प्रवचनाच्या आधी पास्टरांनी तिला पुढं बोलावलं. काय ऐकून आलात ते सांगा. रेणुकाबाई उभी राहिली. एरवी माईक नसला तरी हिचा आवाज बसस्टँडपर्यंत जायचा, आज पुढची दोन माणसं म्हणाली, मोठ्यानं बोला. तिनं नावं घेतली नाहीत. एकाला तीनदा विचारलं कुणी पाठवलं, आणि पाणी एकदाही नाही, ते सांगितलं. एकीला तीनदा उठवलं, त्यात मी एकदा, ते सांगितलं. शकुबाईनं खिडकीजवळच्या आपल्या जागेकडं बघितलं आणि मान खाली घातली. एक बाई रडायला आली होती आणि आपण तिला हार घातला, ते सांगितलं.

काशप्पा उठले. त्यांचा चेहरा पडला होता, पण हार मानणारा माणूस नव्हे. "बाई, रीत चांगल्या मनानं केलेली हाय. वाईट काय केलो आपण? आन् काही गोष्टींला नियम असतात."

"असू द्या की नियम, अण्णा. नियम मीबी पाळते. पण नियम सांगायच्या आधी 'या, बसा' म्हणायला काय जातंय? पहिल्यांदा येणाऱ्या माणसाचा जीव केवढासा झालेला असतोय! त्याला वाटतंय, समदे माझ्याकडंच बघायलेत. आपल्यासाठी ते एक ऐतवार. त्याच्यासाठी तेवढाच ऐतवार. तेवढ्यावर तो ठरवतो, हितला देव कसला हाय ते. पुस्तक त्यानं वाचलेलं नसतंय. त्यानं आपली तोंडंच बघितलेली असतात." ती दम घ्यायला थांबली. "शकुबाईनं माझा हात धरून आणलं म्हणून मी हितं हाय. न्हाईतर मीबी लिंबाखालीच असते."

मग तिनं ते शेवटचंही सांगितलं. हात डोक्याला लावून खूण करून दाखवली, तशीच, दोन बोटांनी. "हे माझ्या हातानं झालेलं हाय. अकरा वर्षं तुमी माझ्या मालकाच्या कठीण काळजासाठी प्रार्थना केलात. त्या माणसाच्या काळजाला काय झालेलं न्हाई. ती प्रार्थना आता बंद करा."

पंखा गरगरत होता. पास्टर म्हणाले, "आपल्यापैकी त्या झाडापर्यंत कोण गेलंय आजवर?" केक नेणारी पोरं एकमेकांकडं बघायला लागली, बाकी कुणाचा हात वर आला नाही. रेणुकाबाईनं पुढचं ऐकलंच नाही. ती बायकांच्या मधून वाट काढत दाराकडं निघाली, चप्पल घातली आणि लंगडत रस्ता ओलांडला.

पिराप्पानं तिला येताना बघून गाडीवरचा टॉवेल उचलला. "आज लवकर सुटलं?"

"सुटलं न्हाई. तुमाला न्यायला आले."

"कुठं?"

"आत. चला."

त्यानं पटक्याला हात लावला.

"ऱ्हाऊ द्या डोक्यावर," ती म्हणाली. "मी समद्यांला सांगून आले. माझ्या तोंडानं सांगितले."

"काय सांगितलीस?"

"मला तुमची लाज वाटली म्हणून."

एक बस वळण घेऊन स्टँडमध्ये शिरली, तिची धूळ दोघांच्या अंगावर आली. "समद्यांसमोर सांगितलीस?" त्यानं विचारलं.

"व्हय."

"कामून सांगायचं एवढं!" तो पुटपुटला, पण त्याचा चेहरा मऊ झाला होता. मग म्हणाला, "आत येऊन मी कुणापाशी बसू? गड्यांच्या अंगाला माझ्या वळखीचं कोण न्हाई. तू बसणार असशील माझ्यापाशी, तर येतो."

रेणुकाबाईच्या मनात सगळं एकदम आलं. उजवीकडं गडी, डावीकडं बायका, चर्च बांधल्यापासून असंच. पंच आहेत, पंचांच्या बायका आहेत. पुरुषांच्या बाकावर बाई बसलेली तिथं कुणी बघितली नव्हती, आणि तीही एका पटकेवाल्याच्या शेजारी. तिनं वळून दाराकडं बघितलं. तिथं चार डोकी बाहेर डोकावत होती. एवढ्याशा वेळात पिराप्पानं तिच्या चेहऱ्यावरचं सगळं वाचलं.

"बघ," तो शांतपणे म्हणाला. "अजून बी." आणि खाली बसायला वळला.

बोलून उपयोग नव्हता हे आयुष्यात पहिल्यांदा तिला बोलायच्या आधी कळलं. तिनं त्याचा हात धरला. अडतीस वर्षांच्या संसारात तिनं चारचौघांत ह्या माणसाचा हात कधी धरला नव्हता. टपरीवाला चहा गाळायचा थांबला. तिनं त्याला ओढतच रस्ता ओलांडला, गुडघ्याची पर्वा न करता, आणि उंबऱ्यापाशी आली तेव्हा दारात काशप्पा उभे होते.

काशप्पांनी आधी पटक्याकडं बघितलं. त्यांचे ओठ हलले. मग काय मनात आलं कोण जाणे, ते बाजूला झाले आणि म्हणाले, "या पिराप्पा अण्णा. बसा." शेवटच्या बाकावर जाऊन ते बसले, तिथली आपली पिशवी उचलून मांडीवर घेतली आणि भिंतीकडं सरकले. पोराच्या हाती पाणी मागवलं. हार आणायला कुणी उठलं नाही, नाव कुणी पुकारलं नाही. पुढं बसलेल्या पन्नास माणसांनी मागं वळून न बघण्याची जी धडपड चालवली होती ती बघण्यासारखी होती. शकुबाईला ते काही जमलं नाही. ती सरळ वळली, पिराप्पाकडं बघून हसली आणि पुन्हा पुढं बघायला लागली.

पिराप्पा बसला. रेणुकाबाई त्याच्याशेजारी बसली, पुरुषांच्या अंगाला, कडेला. पास्टरांनी गीत सांगितलं तेव्हा सगळे उभे राहिले म्हणून तीही उभी राहिली, आणि पिराप्पा आजूबाजूला बघून हळूच उठला. बायका तिकडून बघत होत्या. तिला लाज वाटत होती, खूप वाटत होती, पण आजची लाज त्या अकरा वर्षांची होती, शेजारच्या माणसाची नाही. गीत संपलं, सगळे खाली बसले, पास्टरांनी पुस्तक उघडलं, तरी तिनं त्याचा हात सोडला नाही.